उजव्या नाकाचा भाऊ

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला सी ग्रेड मिळाली होती. आमच्या शाळेतून त्या वर्षी पास झालेला मी एकटाच, त्यामुळं गावानं मला कलेतला जाणकार ठरवलं आणि मीही उगाच नकार दिला नाही. पुढं बाजार समितीत कारकुनी करून निवृत्त झालो, तरी मारुतीचा नवा शेंदूर किती लाल असावा हे लोक मलाच विचारायचे. लग्नपत्रिकेवरचा गणपती उजव्या सोंडेचा पाहिजे की डाव्या, तेही मीच सांगायचो. उजवी म्हणजे गणपतीची उजवी की बघणाऱ्याची, यात माझा एकदा गोंधळ झाला होता. पण पत्रिका वाटून झाल्यावर आणि पोरगी नांदायला गेल्यावर गणपतीला कोण उलटतपासायला जातो? तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. सी ग्रेडवाल्याला सावधपणा शिकवत नाहीत.

देवगाव फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. गावात मठ, मठासमोर अक्काचं दुकान. भस्माचे गोळे, शिवदोरे, रुद्राक्ष, कापूर, एवढाच माल. गल्ल्याच्या मागं भिंतीवर एक तसबीर होती. तैलरंगातली, पाटीवर काढलेली. अक्काचे वडील पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, जुन्या काळात मराठीत आणि उर्दूतसुद्धा. एका किराणा दुकानाच्या पाटीचा हिरवा रंग उरला, तो पार्श्वभूमीला वापरून त्यांनी घरातलं एक लेकरू रंगवलं होतं. पाचसहा वर्षांचं. परकर-पोलकं, तेल चोपडून बसवलेला भांग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात शिवदोऱ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि नाकात लाल खड्याची चमकी. आणि चेहरा असा नितळ, की दुकानात आलेला माणूस कापूर मागायला आलो की सुपारी हे विसरायचा.

"ही कोन, अक्का?" नवीन गिऱ्हाईक विचारायचं.

"मी," अक्का म्हणायची.

आणि गिऱ्हाईक खाली बघायचं. हसू लपवायला.

कारण अक्काचं तोंड. तसबीर झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या. जगली, पण चेहऱ्यावर बोट ठेवायला सपाट जागा उरली नाही. गावात तिला मागं "चाळणी" म्हणतात. मीही म्हणायचो, आणि वर म्हणायचो की चाळणीतून पीठ तरी बारीक पडतं, हिच्या तोंडातून तर नुसते खडेच पडतात. लोक हसायचे. विनोदात मला ए ग्रेड होती.

लग्न झालं नाही. चेहरा बघायला आलेले चहा न पिता गेले. बापाच्या मागं दुकान चालवलं, गोवऱ्या जाळून भस्माचे गोळे वळले, आणि त्या गोळ्यांवर धाकट्या भावाला मुंबईला चित्रकला शिकायला ठेवलं. तिचा चेहरा एकदाच नितळ होता याचा जगात एकच सबूत होता, आणि तो त्या हिरव्या पाटीवर होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं वेगळं, त्याची फिकीर असणं वेगळं.

आता भाऊ. भाऊ म्हणजे देशभर गाजलेला चित्रकार. त्याच्या आधीचे मुलगे जगले नाहीत, म्हणून हा झाला तेव्हा सुपात घालून उकिरड्यावर ठेवला आणि आत्यानं मापभर ज्वारी देऊन परत विकत घेतला. म्हणजे यमाला वाटावं, हे कुणाचं तरी टाकलेलं आहे. वर दृष्ट लागू नये म्हणून सहा वर्षांचा होईपर्यंत अक्काचेच उतरलेले परकर घालून त्याला पोरीसारखं वाढवलं, नाक टोचलं. गावातल्या म्हाताऱ्यांना हे सगळं पाठ आहे.

तो गावात क्वचितच यायचा. बापाच्या मातीला आला होता. आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात. खुर्चीत बसवलेल्या बापासमोर हा खाली बसला, पिशवीतून वही काढली आणि बापाचं रेखाचित्र काढायला लागला. जंगम मंत्र म्हणायचा थांबला. अक्का म्हणाली, "चालू द्या तुमचं. त्याला रडायला येत न्हाई, म्हनून काढायलाय." पुढं त्याच रेखाचित्रावरून केलेल्या मोठ्या चित्रानं त्याचं नाव झालं म्हणतात. अक्काला ते चित्र मी फोनवर दाखवलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाबाची टोपी वाकडी काढलीय." बस.

तर या चित्रकाराला दिल्लीचा मोठा मान मिळाला आणि आमच्या वाचनालयानं त्याचा सत्कार करायचं ठरवलं. वाचनालयाचा सेक्रेटरी मी. आता नुसती शाल-श्रीफळ देऊन दिल्लीला गेलेल्या माणसाला काय वाटणार? काहीतरी खास पाहिजे. मी सकाळी कापूर आणायला अक्काच्या दुकानात गेलो, तसबिरीकडं पाहिलं, आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. परकर. चमकी. नवसाचं पोर. ही तर त्याचीच तसबीर!

अक्का मागं गोवऱ्या उलथत होती. मी गल्ल्यामागं शिरलो, फोन उलटा करून स्वतःसकट तसबिरीचा सेल्फी काढला. स्वतःशिवाय फोटो काढायचा हे मला त्या काळी सुचतच नव्हतं. घरी येऊन बोटांनी फोटो मोठा केला, आणि अंगावर काटा आला. चमकी उजव्या नाकपुडीत होती.

आता हे ज्याला कळतं त्याला कळतं. आमच्याकडं पोरीचं नाक डावीकडं टोचतात. नवसाच्या पोराचं उजवीकडं. म्हणजे सबूत पक्का. मी बायकोला हाक मारली.

"हे बघ. उजवी नाकपुडी."

"मग?"

"मग काय मग! हे पोरगं आहे. अक्का न्हाई."

"अक्का तर म्हणतात ते मी हाय."

"अक्काला काय, कुणीही म्हणेल मी राणी होते."

बायको भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी उजवं-डावं सांगायलात? गनपतीचं विसरले काय?"

मी तिचं ऐकलं नाही. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावच्या ग्रुपवर होता. वर मी लिहिलं होतं: 'थोर कलावंताचे बालपणीचे अस्सल चित्र. पित्याच्या हातचे. संशोधन: सेक्रेटरी.' परभणीच्या एका वार्ताहरानं ते उचललं. मग मुंबईहून एका चित्रदालनाच्या माणसाचा फोन आला. गोड आवाज, प्रत्येक वाक्यात मला "सर" म्हणत होता. बाजार समितीत उभ्या हयातीत मला कुणी सर म्हटलं नव्हतं, अडत्यांनी तर "ए बाबू" म्हणायचंसुद्धा सोडलं होतं. माझी छाती इतकी फुगली की बायको म्हणाली, शर्टाची बटणं शिवून देणार नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काचा निरोप आला. निरोप म्हणजे, येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगायचा, "सेक्रेटरी, अक्का तुमाला शोधायल्यात. हातात उलथनं हाय."

गेलो. दुकानात दोनचार गिऱ्हाइकं होती, ती मला बघून जायची थांबली.

"काय रे सेक्रेटरी, काय उठवलास गावात?"

"काय अक्का?"

"माझी तसबीर भावाची म्हनून सांगायलास म्हनं."

"सांगायलो न्हाई अक्का, सिद्ध केलंय. चमकी उजवीकडं हाय. पोरीचं नाक उजवीकडं टोचतेत का?"

"उजवीकडं?" ती वळून तसबिरीकडं बघायला लागली. पण आतली खोली अंधारी, काचेवर कापराच्या काजळीचा थर, आणि तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. "मला बाबानं समोर बसवलं व्हतं. खडीसाखर देत देत काढली. माझं नाक मला ठाव न्हाई व्हय?"

"तुमाला वाटतं तसं."

"वाटतं? ते माझं तोंड हाय, मेल्या!"

इथं थांबायला हवं होतं. गिऱ्हाइकं बघत होती. प्रेक्षक असले की मला थांबता येत नाही. मी हसून म्हणालो, "अक्का, आरशात बघितलं का कधी?"

एक बाई पदर तोंडाला लावून फिसकन हसली.

अक्का रागावेल, उलथणं फेकेल, असं वाटलं होतं. तिनं भस्माचा एक गोळा उचलला, कागदात गुंडाळला, हसणाऱ्या बाईच्या हातात दिला आणि मग मला सांगितलं. अगदी गंमत सांगावी तसं.

देवी आल्यावर तिला शेतातल्या आखाड्यावरच्या खोपटात वेगळं ठेवलं होतं. बरी होऊन घरी आणली, तेव्हा हा भाऊ चार वर्षांचा. तिला बघून किंचाळला. आई म्हणाली, अरे ही अक्का. हा म्हणाला, न्हाई. भिंतीवरच्या तसबिरीकडं बोट करून म्हणाला, "ती अक्का. तू न्हाई." कितीतरी दिवस हा तसबिरीलाच अक्का म्हणायचा. जेवताना आपला घास तिच्यासमोर धरायचा. खरीला जवळ येऊ द्यायचा नाही.

"तवा आता त्याला येऊ दे," अक्का म्हणाली. "गावानं न्हाई म्हनलं तर म्हनू दे. तू तर खुळाच हाईस. पन त्याला ठाव हाय ती कोन हाय. त्यानंच सांगितलंय मला. सगळ्यांसमोर इचार त्याला. तसबीर घेऊन जा सत्काराला."

एवढंच हवं होतं तिला. भावानं एकदा चारचौघांत म्हणावं, ही अक्का. मी तसबीर उतरवून घेतली. भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन उमटला होता. मला तर आनंदच झाला. मला वाटलं होतं, तसबीर मिळवायला भांडावं लागेल.

सत्कार मंगल कार्यालयात ठेवला. व्यासपीठामागं भलंमोठं फ्लेक्स लावलं. त्यावर माझा तोच सेल्फी. डाव्या अर्ध्या भागात तसबीर, उजव्या अर्ध्या भागात दात दाखवणारा मी. तसबिरीच्या कोपऱ्यात पेंटरची सही होती ती माझ्या गालाखाली झाकली गेली होती, हे मला नंतर कळलं. माझं थोबाड आडवं आलं नसतं तर त्या उलट्या सहीनं मला तिथंच वाचवलं असतं. पण माझं थोबाड आयुष्यात कधीच वेळेवर बाजूला झालं नाही. खरी तसबीर व्यासपीठावर तिवईवर ठेवली, वर रुमाल टाकला, रुमालावर हार.

अक्का आली, बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. इरकली नेसली होती, कपाळावर ठळक भस्म. हार बघून म्हणाली, "मेलेल्याला घालतेत हार. काढ ते." मी काढला.

पाहुण्यांना आणायला मी फाट्यावर गेलो होतो. चित्रकार पांढऱ्या सुती कपड्यात, केस खांद्यापर्यंत, बोलणं इतकं हळू की आपणच पुढं वाकावं. सोबत तो दालनवाला. त्यानं आधी मला विचारलं, येलदरी धरणाचे मासे चांगले मिळतात का जेवायला. मी म्हणालो, सत्काराचं जेवण मठात आहे, तिथं कांदासुद्धा विचारून टाकतात. मग चहाच्या टपरीवर तो चित्रकाराला म्हणाला, "आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन. पहिल्याच भिंतीवर वडिलांनी काढलेलं तुमचं बालपण. दुसऱ्या भिंतीवर तुम्ही काढलेले वडील. बस, बाकी काही लिहायची गरज नाही."

चित्रकार चहात बिस्कीट बुडवत राहिला. बिस्कीट मोडून पडलं तरी तसाच बुडवत होता.

कार्यक्रम सुरू झाला. कार्यालय भरलेलं. मी रुमाल काढला, टाळ्या पडल्या, आणि मी नाकावर भाषण सुरू केलं. नवसाची मुलं, सूप, उकिरडा, मापभर ज्वारी. लोक रंगले. मी म्हणालो, "आणि आता, मित्रहो, पुराव्याकडे येऊ. चित्रातील चमकी ज्या नाकपुडीत आहे..." आणि बोट दाखवायला तसबिरीकडं वळलो.

कार्यालयात ट्यूबलाइटचा लख्ख उजेड होता. काच मी स्वतः राखेनं घासली होती. चमकी डावीकडं होती.

मी फ्लेक्सकडं पाहिलं. उजवीकडं. तसबिरीकडं पाहिलं. डावीकडं. समजलं काहीच नाही, फक्त एवढं कळलं की काहीतरी घाण झाली आहे आणि ती माझीच आहे. शहाण्या माणसानं चूक कबूल केली असती. मी बोट चटकन वर नेऊन भस्माच्या पट्ट्यांवर ठेवलं आणि म्हणालो, "...ती आपण सर्वांनी पाहिलीच आहे." आणि माईक चित्रकाराकडं दिला. "आता आपणच सांगा, या चित्रातलं बालक कोण?"

चित्रकार उठून तसबिरीजवळ गेला. बराच वेळ बघत होता. अक्का खुर्चीच्या कडेला सरकली होती, उठायच्या तयारीत, जसं नाव पुकारलं की शाळेतलं पोर उठतं तसं.

"माझी आई म्हणायची," चित्रकार हळू म्हणाला, "लहानपणी मी या चित्राशी बोलायचो. त्याला घास भरवायचो."

अक्काचं तोंड उजळलं. ते तोंड उजळलेलं मी तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं बघितलं.

"आज कळतं," तो म्हणाला, "मी स्वतःलाच भरवत होतो. होय. हा मी आहे. बाबांनी मला असा पाहिला. पुढं असं मला कुणीच पाहिलं नाही."

काय टाळ्या पडल्या! माझ्या शेजारचे सरपंच डोळे पुसायला लागले. दालनवाला फोटो काढत होता. आणि टाळ्या ओसरल्यावर खालून अक्काचा आवाज आला.

"सेक्रेटरी, तुझा खिसा कोन्त्या अंगाला हाय रे?"

मला वाटलं तिला भ्रम झाला. "काय अक्का?"

"शर्टाचा खिसा. कोन्त्या अंगाला?"

मी छातीला हात लावला. "डाव्या."

"आन त्या मागच्या पडद्यावर?"

सगळं कार्यालय फ्लेक्सकडं वळलं. फ्लेक्सवर माझा खिसा उजवीकडं होता. त्यातलं पेनही उजवीकडं. माझा भांगही उलट्या बाजूनं पाडलेला.

"फोटूच उलटा हाय," अक्का म्हणाली. "ह्याचा खिसा फिरला, तशी माझी चमकी फिरली. तिथं तिवईवर बघा, खरी कुठं हाय ती. डावीकडं हाय का न्हाई?"

सगळं कार्यालय माझ्यावर हसलं. असं हसलं की पत्रे वाजले. "संशोधन: सेक्रेटरी!" मागून कुणीतरी ओरडलं. माझे कान तापले होते, पण एक सांगतो, त्या वेळी मला सुटल्यासारखंही वाटलं. वाटलं, माझी बेइज्जती झाली तर झाली, अक्काची तसबीर अक्काला मिळाली. आता हा म्हणेल, हो, माझी चूक झाली.

चित्रकारही हसला. सगळ्यांचं हसू थांबेपर्यंत थांबला. मग म्हणाला, "अक्का बरोबर बोलतेय. चमकी डावीकडंच आहे. पण एक गोष्ट तिला माहीत नाही. बाबा लेकराकडं थेट बघून चित्र काढत नसत. आधीचे मुलगे गेलेले. बापाचीच दृष्ट लागेल, ही भीती. मला ते आरशासमोर बसवायचे आणि आरशातला मी बघून रंगवायचे. आरशात उजवं ते डावं होतं."

कुणीतरी "शिवा शिवा" म्हटलं, आणि बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या मनात आलं, थाप असावी तर अशी. माझ्या थापेला सी, हिला ए.

अक्का उभी राहिली. "खोटं हाय. बाबा मला समोर बसवून खडीसाखर द्यायचा. तुला ठाव हाय ते कोन हाय. सांग की रं. तूच म्हनायचास, ती अक्का."

"अक्का," चित्रकार प्रेमानं म्हणाला, "बस. तुला त्रास होईल."

आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला. कुणाचा ते मला माहीत आहे, पण जाऊ द्या. "अक्का, तसं तोंड असतं तर लगीन नसतं का झालं?"

कार्यालय पुन्हा हसलं. मघाशी माझ्यावर हसलं होतं त्याच्यापेक्षा मोठ्यानं. आणि मीही हसलो. हसू माझ्यावरून उठून दुसऱ्यावर बसलं, की माणूस आपोआप हसतो. डोक्यावरचा कावळा उडाल्यासारखं वाटतं.

अक्का बसली नाही. उभीच राहिली, आणि जेवणाच्या पंगती सुरू झाल्यावर चालत दुकानात गेली.

तसबीर त्याच संध्याकाळी मुंबईला गेली. कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. गाडीत ठेवली गेली. वाटेत ओरखडा येऊ नये म्हणून दालनवाल्यानं गुंडाळायला काहीतरी मऊ मागितलं. वाचनालयानं कलावंताच्या भगिनीसाठी आणलेली शाल तशीच घडी मोडायची राहिली होती. मी ती दिली. मीच.

नंतर पंधरा-वीस दिवस मी मठाच्या बाजूला फिरकलो नाही. कापूर बायकोनं आणला. मग एकदा चुकून त्या रस्त्यानं गेलो आणि पाय थबकले. दुकानाशेजारी अक्काच्या गोवऱ्यांचा ढीग असतो. त्यावर पाऊस लागू नये म्हणून फ्लेक्स पांघरलं होतं. फ्लेक्सवर मी. दात दाखवणारा, उलट्या खिशाचा, शेणाच्या गोवऱ्यांवर उताणा पडलेला. माझ्या पोटावर एक कुत्रं झोपलं होतं.

"ये की, सेक्रेटरी," आतून आवाज आला. "लाजतोस काय? तुला बरी जागा दिली हाय."

आत गेलो. फ्लेक्सचा दुसरा अर्धा भाग कात्रीनं नीट कापून तिनं भिंतीवरच्या त्या पांढऱ्या चौकोनावर ठोकला होता. छापील तसबीर. मोठी, जरा धुरकट. चमकी उजवीकडं.

एक शेतकरी कापूर घ्यायला आला होता. त्यानं वर बघितलं. "ही कोन, अक्का?"

"ही न्हाई, ह्यो. माझा भाऊ," अक्का म्हणाली. "लहानपनी लय गोजिरा व्हता. उजवं नाक बघा. नवसाचं पोर. खोटं वाटत आसल तर ह्या सेक्रेटरीला इचारा, त्यानं शोध लावलाय. व्हय का न्हाई रे?"

"व्हय," मी म्हणालो.

"आन तुमची तसबीर न्हाई का?" शेतकऱ्यानं विचारलं.

"हाय की. डाव्या नाकाची. मी मुंबईला असते."

शेतकरी गोंधळून गेला. तेव्हापासून हा खेळ रोजचाच झाला. मी गेलो की ती मुद्दाम कुणालातरी विचारायला लावते आणि मी "व्हय" म्हणतो. न गेलं तर गावभर सांगते, सेक्रेटरी संशोधनाला गेलाय. म्हणून जातो.

भाऊबीजेला दुपारी मी तिथंच होतो. अक्कानं ताम्हणात निरांजन लावलं होतं. माझा फोन वाजला. चित्रकार. अक्काकडं फोन नाही, म्हणून माझ्यावर केला. इतक्या वर्षांत भाऊबीजेला त्याचा फोन आलेला मला आठवत नाही. मी स्पीकर लावला आणि फोन तिच्यासमोर धरला.

"अक्का," तिकडून आवाज आला. तो हळू, वाकायला लावणारा आवाज नव्हता. इथला होता. "अक्का, मी बोलायलोय गं."

"मी कोन?"

"मी. इथं प्रदर्शनात समदे तुझी चौकशी करायलेत. रोज त्या तसबिरीसमोरून जातो, तर... अक्का, ऐकायलीस का?"

"कोन बोलायलंय पन?"

"अगं, मी. तुझा भाऊ."

अक्कानं भिंतीकडं बघितलं. उजव्या चमकीच्या, धुरकट, छापील पोराकडं. मग ताम्हण उचललं.

"माझा भाऊ हाय की इथं, भिंतीवर," ती म्हणाली. "त्यो भाऊ. तू न्हाई."

फोन चालू होता, कारण मागं गर्दीची कुजबुज ऐकू येत होती, आणि कुणीतरी "सर, सर" म्हणत होतं. मी तसाच हात लांब करून उभा. अक्कानं फ्लेक्सला ओवाळलं, सावकाश, सुपारी फिरवून, तांदूळ टाकून. तांदूळ फ्लेक्सवरून घरंगळून गल्ल्यावर पडले. मग फोन कधी बंद झाला ते मला कळलं नाही.

"घे, ठेव तुझा फोन," ती म्हणाली. "खिशात घाल. कोन्त्या अंगाच्या, ते आधी बघ."

मी खरंच खाली वाकून बघितलं.